शिक्षा माणसाला, कैद गाण्यांना

नेटफ्लिक्सवरची 'टोकियो स्विंडलर्स' (२०२४) पाहिली असेल, तर त्यातला गोतो विसरणं अवघड आहे. दणकट अंग, कान्साई भागातली बोली, चेहऱ्यावर कायमचा वैताग. जमिनीचे खोटे मालक उभे करून बड्या कंपन्यांना गंडवणाऱ्या टोळीत कायदेशीर कागदपत्रांची बाजू हा सांभाळतो. समोरची माणसं तोतया मालकाची ओळख पटवायला खोदून प्रश्न विचारू लागली, की गोतो एकदम चिडतो आणि 'आता बास की' अशा अर्थाचं एक छोटं वाक्य फेकतो. समोरचे ओशाळतात, पडताळणी तिथेच थांबते, सौदा पुढे सरकतो. जपानमध्ये ते वाक्य इतकं चाललं, की त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत जाऊन बसलं.

गोतो झालेला नट म्हणजे पिएर ताकी. नावातला 'पिएर' घेतलेला, माणूस शिझुओकाचा. आणि या मालिकेचं संगीत केलंय इशिनो ताक्क्यूने. (ताक्क्यू म्हणजे टेबल टेनिस. ही मंडळी नावापासूनच थट्टेला सुरुवात करतात.) हे दोघं १९८९ पासून 'देन्की ग्रूव्ह' नावाचा बँड चालवतात. २०१९ साली या बँडचं जवळपास सगळं काम एका दिवसात बाजारातून उचललं गेलं होतं. ते कसं झालं आणि त्यातून काय हाती लागलं, हे नीट बघण्यासारखं आहे, कारण आपलीही गाणी आता कपाटात नसतात, कुणाच्यातरी सर्व्हरवर असतात.

आधी बँडबद्दल. देन्की ग्रूव्ह म्हणजे टेक्नो, नाचायला लावणारे बीट आणि भरपूर वात्रटपणा. १९९७ चं 'शांग्री-ला' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. संगीताची मुख्य बाजू इशिनोची. मग ताकी काय करतो? वाद्य वाजवणारा म्हणून त्याची ओळख नाही. तो ओरडतो, गातो, नाचतो, अख्खा फुजी पर्वत अंगावर चढवून स्टेजवर येतो. बँडमध्ये हा माणूस नेमका कशाला, हा प्रश्न जपानमध्येही विनोदाचा विषय झालाय. मला वाटतं, त्याचं उत्तर त्याच्या अभिनयात आहे. ताकीकडे नुसतं उभं राहून जागा व्यापायची ताकद आहे. इशिनोच्या काटेकोर यंत्रसंगीताला एक घाम येणारं, अवघडलेलं, हास्यास्पद शरीर लागतं. ते ताकीने दिलं.

पडद्यावर हेच शरीर उलटं वापरलं काझुया शिराइशी या दिग्दर्शकाने. त्याच्या 'द डेव्हिल्स पाथ' (२०१३) मध्ये ताकी फाशीची शिक्षा झालेला कैदी आहे. आपण केलेल्या, पण उघडकीस न आलेल्या खुनांची कबुली तो एका पत्रकाराला देतो. काचेपलीकडे बसून बोलताना तो जवळजवळ नम्र असतो. मग सिनेमा मागे जातो आणि तोच माणूस हसतखेळत लोकांचे जीव घेताना दिसतो. ताकी हे दोन वेगळे मुखवटे करत नाही. आवाज तोच, चालणं तेच. वात्रटपणा आणि क्रौर्य यांच्यात त्याने भिंतच ठेवलेली नाही, आणि म्हणून तो भीतिदायक वाटतो. दुसरीकडे 'फ्रोझन'च्या जपानी आवृत्तीत ओलाफ या स्नोमॅनचा आवाजही त्याचाच होता. एकाच गळ्यात हे दोन्ही मावत होतं.

१२ मार्च २०१९ ला त्याला कोकेन घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. बँडच्या तिसाव्या वर्षाचा दौरा चालू होता. उरलेले कार्यक्रम रद्द झाले. दुसऱ्याच दिवशी सोनी म्युझिकने देन्की ग्रूव्हच्या सीडी-डीव्हीडींचा पुरवठा थांबवला, दुकानांतला माल परत मागवला आणि डिजिटल वितरण बंद केलं. कोर्टाचा आदेश नव्हता, कायद्याची सक्ती नव्हती. जपानीत याला 'जिशुकु' म्हणतात, म्हणजे आपणहून घेतलेला संयम. आता हा 'आपण' कोण? निर्णय कंपनीचा होता. संयम मात्र श्रोत्यांच्या, बँडमधल्या दुसऱ्या माणसाच्या आणि जुन्या साथीदारांच्या वाट्याला आला.

योशिनोरी सुनाहाराचंच बघा. हा १९९९ साली बँडमधून बाहेर पडला. नव्वदच्या दशकातलं देन्की ग्रूव्हचं उत्तम काम त्याच्या हातातून गेलंय. बाहेर पडून वीस वर्षं झाल्यावर, ज्या गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्यासाठी त्याचंही काम गायब झालं. 'शांग्री-ला' तर बेबू सिल्वेत्ती या अर्जेंटिनी संगीतकाराच्या जुन्या धूनवर उभं आहे. म्हणजे टोकियोत एकाला अटक झाली आणि हजारो मैलांवरच्या माणसाचे सूरही त्यासोबत आत गेले. सॉफ्टवेअरमध्ये रोज काम करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. डेटाबेसमधून एक नाव काढायला जावं आणि त्या नावाला जोडलेल्या सगळ्या नोंदी भसाभसा पुसल्या जाव्यात, असा प्रकार. तिथे आपण आधी विचारतो, या नोंदीला आणखी काय काय जोडलेलं आहे? इथे तो प्रश्न विचारायलासुद्धा कंपनी थांबली नाही.

बाकीच्यांनी काय केलं? एनएचकेच्या 'इदातेन' मालिकेत ताकी 'ताबी' म्हणजे जपानी मोजे शिवणारा कारागीर होता. ती भूमिका हिरोकी मियाकेला दिली गेली. सेगा कंपनीने 'जजमेंट' या व्हिडिओ गेमची जपानमधली विक्री थांबवली, ताकीचा चेहरा आणि आवाज बदलला आणि काही महिन्यांनी नव्या चेहऱ्याने गेम परत आणला. ओलाफचा आवाजही बदलला. या बदलांवर टीका करता येईल, पण निदान इतरांचं काम त्यांनी वाचवलं.

तिसरा रस्ता तोएई या सिनेमा कंपनीने घेतला. शिराइशीचाच, आयफोनवर चित्रित केलेला 'माहजोंग होरोकी २०२०' प्रदर्शनाच्या तोंडावर होता. १९४५ मधला एक जुगारी २०२० मध्ये येऊन पडतो आणि तिथे टोकियो ऑलिम्पिक रद्द झालेलं असतं, अशी गोष्ट. तोएईने पत्रकार परिषद घेतली, ताकीचे प्रसंग कापणार नाही असं सांगितलं आणि प्रेक्षकांसाठी सूचना लावून ५ एप्रिलला सिनेमा लावला. त्यांचा मुद्दा साधा होता: टीव्ही न बोलावता घरात येतो, सिनेमाला माणूस तिकीट काढून, ठरवून जातो. म्हणजे बघायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. हाच नियम गाण्यांना का लागू होत नाही? सीडी कुणी चुकून विकत घेत नाही. अ‍ॅपवर गाणं शोधून लावणारा माणूसही ठरवूनच लावतो.

लोकही गप्प बसले नाहीत. गाणी परत आणा, या मागणीच्या ऑनलाइन निवेदनावर साठ हजारांहून अधिक सह्या झाल्या. र्‍युइची साकामोतोसारख्या ज्येष्ठ संगीतकाराने संगीताची बाजू उघडपणे घेतली. 'संगीताचा काय गुन्हा?' हा त्या दिवसांतला सूर होता.

इथे मात्र मला थोडं अडखळायला होतं. ही घोषणा ऐकायला सुंदर आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. कुणी सेटवर, स्टुडिओत, हाताखालच्या माणसावर अत्याचार केला असेल, तर त्या कामाच्या आत पीडित व्यक्तीचं दुःख मिसळलेलं असतं. तिथे 'कलेचा काय दोष' म्हणणं म्हणजे त्या व्यक्तीला गप्प बसवणं. ताकीचं प्रकरण वेगळं आहे, कारण ज्या गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा झाली, त्याने मुख्य नुकसान स्वतःचंच केलं होतं. म्हणून कलाकार आणि कलाकृती वेगळी की एकच, या जुन्या वादापेक्षा तीन साधे प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात. इजा कुणाला झाली? काम काढल्याने त्याला काही मिळतं का? आणि निर्णयाची किंमत कोण मोजतं? या प्रकरणात तिन्ही उत्तरं सोनीच्या विरुद्ध जातात.

१८ जून २०१९ ला टोकियो जिल्हा न्यायालयाने ताकीला दीड वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती तीन वर्षांसाठी स्थगित ठेवली. निकालाच्या वेळी न्यायाधीशांनी त्याला एक शब्द लिहिलेला कागद दाखवला: 'जिन्सेई'. अर्थ, आयुष्य. देन्की ग्रूव्हच्या आधी ताकी आणि इशिनो ज्या बँडमध्ये होते, त्याचंही नाव हेच. शिक्षा देणाऱ्या माणसाने आरोपीचं काम किती मागपर्यंत पाहिलं होतं, हे त्या एका शब्दातून कळतं. ते काम विकणाऱ्या कंपनीने ते एका दिवसात गुंडाळलं होतं.

आता हिशोब बघा. शिक्षा स्थगित, म्हणून माणूस तुरुंगात गेला नाही. त्याची गाणी मात्र जून २०२० पर्यंत, म्हणजे सव्वा वर्ष, आत होती. त्यांना कुठलीच स्थगिती मिळाली नाही.

नेटफ्लिक्सने २०१९ च्याच ऑगस्टमध्ये 'द नेकेड डायरेक्टर' त्याच्या प्रसंगांसकट दाखवली. यात फार नैतिक धैर्य शोधू नये. जाहिरातदारांची जी धास्ती जपानी टीव्हीला असते, ती त्यांना नव्हती. पण परतीची वाट तिथून निघाली. २०२१ मध्ये देन्की ग्रूव्ह फुजी रॉकच्या मंचावर होता. २०२३ च्या 'सँक्च्युअरी'मध्ये ताकी सुमो पैलवानांच्या तालमीचा मालक झाला. त्याच वर्षीच्या 'सप्टेंबर १९२३'मध्ये तो दिसला. हा सिनेमा भूकंपानंतर अफवांवर विश्वास ठेवून गावकऱ्यांनी केलेल्या हत्यांबद्दल आहे.

परत आलेला ताकी बदललाय का? फारसा नाही, आणि हेच मला आवडलं. पडद्यावर तो क्षमा मागत फिरत नाही. तक्रार दिग्दर्शकांबद्दल आहे. अलीकडे त्याला खरखरीत, दरडावणारी माणसंच जास्त मिळतात. ओलाफवाला हलका, निरागस ताकी कुणी परत बोलावलेला नाही. बंदी उठली तरी ती अशी मागे उरते, कुणी काय करायचं याच्या यादीत.

सोनीच्या फाइल्स खऱ्या अर्थाने पुसल्या गेल्या नव्हत्या. गाणी सर्व्हरवर होतीच, फक्त एक खूण बदलून लपवली होती. पुन्हा खूण बदलली आणि ती दिसू लागली. हे इतकं सोपं आहे, म्हणूनच जपून करायला हवं. त्या सव्वा वर्षात देन्की ग्रूव्ह ऐकायचा असेल, तर ज्याच्या कपाटात जुनी सीडी होती त्यालाच तो ऐकता आला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आता तसं कपाटच नाही.