सर्जनशील लेखनाचे मूल्यमापन : तज्ज्ञ आणि नवखे परीक्षक

महाविद्यालयीन काव्यस्पर्धेत सर्जनशीलतेचा निर्णय कोणी करावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तज्ज्ञ परस्परांशी चर्चा न करता गुण देतात व त्यांतील एकवाक्यता प्रमाण मानली जाते. कॉफमन, बेअर प्रभृतींच्या २००८ च्या अभ्यासात २०५ कवितांना नवख्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी फारसे जुळले नाहीत. अर्थात, नवख्यांचे मत तज्ज्ञांच्या मताला पर्याय ठरत नाही. परंतु तज्ज्ञांची एकवाक्यताही कारणमीमांसेला पर्याय ठरत नाही.

या दृष्टीने नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांच्या 'विशाखा'चे उदाहरण उद्बोधक आहे. १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी हा संग्रह स्वतः प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. त्यामुळे त्यांची पसंती केवळ पसंती राहिली नाही; वाचकाला ती कवितांशी ताडून पाहता आली. पुढे सामान्य वाचकांनीही हा संग्रह आपलासा केला.

म्हणून परीक्षकांनी गुणांसोबत सकारण लेखी अभिप्राय देणे आवश्यक ठरते. केवळ गुणांवरून विद्यार्थ्याला आपला क्रमांक कळतो. कविता कशी वाचावी, हे कळत नाही.