पडद्यावरची पाठशुद्धी

एका कबुलीने सुरुवात करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, नुकताच शिक्षक झालो असताना, आमच्या गावच्या वाचनालयात मी चित्रपटकलेवर व्याख्यान दिले होते. त्यात स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटाला 'भव्यतेचा आव आणणारी पोकळ कलाकृती' असे म्हणून मी मोकळा झालो. श्रोत्यांनी माना डोलावल्या. हा चित्रपट मी भाड्याच्या कॅसेटवर, चौदा इंची टीव्हीवर पाहिला होता, हे मात्र सांगितले नाही. सांगण्याजोगे वाटलेच नव्हते.

गेल्या वर्षी मुलाने त्याची २०१८ साली निघालेली फोर-के तबकडी आणली. ती पाहून उठलो तो खजील होऊनच.

चूक कोठे झाली? हा चित्रपट ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित झाला आणि ७० मिलिमीटरच्या प्रतींवर दाखवला गेला. त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या २.२० पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. तो पडदा भरायचा तर चित्राचा सुमारे चाळीस टक्के भाग छाटावा लागतो. एरवीच्या बोलपटात हे खपून जाते, कारण कथा संवादांतून कळत राहते. येथे पहिला संवाद येईपर्यंतच जवळजवळ पंचवीस मिनिटे जातात. सांगण्याचे काम चित्राकडे आहे. दोन अंतराळवीर आवाज पोहोचणार नाही अशा कुपीत बसून हॅल या संगणकाविरुद्ध मसलत करतात. दोघांच्या मधोमध, काचेपलीकडे, हॅलचा लाल डोळा दिसतो. त्या दृश्याचा सारा अर्थ या तिघांच्या मांडणीत आहे. कडा छाटल्या की तिचा तोल जातो.

ध्वनीची गोष्ट याहून गंभीर. यानाबाहेर गेलेल्या अंतराळवीराचा श्वास आपल्याला ऐकू येत असतो आणि एकाएकी काहीच ऐकू येत नाही. त्याचा मृत्यू आपल्याला शांततेतून कळतो. माझ्या व्हीसीआरवर शांतता कधी नव्हतीच. फितीची सरसर अखंड चालू होती. जेथे कुब्रिकने मरण ठेवले होते, तेथे मला कंटाळा ऐकू आला.

तथापि, नवे ते सारे शुद्ध, असेही म्हणता येत नाही. ही तबकडी मूळ निगेटिव्हवरून संगणकाच्या साह्याने सिद्ध झाली. त्याच वर्षी ख्रिस्तोफर नोलन यांनी कान महोत्सवात ७० मिलिमीटरची एक प्रत सादर केली. तिला संगणकाचा हात लागलेला नव्हता. दोन्हींचे रंग जुळत नाहीत, आणि त्यावरून जाणकारांत वाद झडले. तबकडीवर ध्वनीचेही दोन पाठ आहेत : १९६८ चे मूळ मिश्रण आणि १९९९ चे नवे. कुब्रिक १९९९ मध्येच निवर्तले. आता विचारायचे कोणाला?

मराठीच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथकर्ता जाऊन जवळजवळ तीन शतके झाली होती. ओवी अधिक गोड करावी, हा मोह संशोधकाने आवरायचा असतो. चित्रपटाचेही तेच. चित्र किती लखलखीत झाले, यापेक्षा ते कर्त्याच्या हेतूशी किती प्रामाणिक राहिले, हा प्रश्न मोठा. म्हणून त्या तबकडीवर १९६८ चा ध्वनी जपला, याचे मोल मला अधिक वाटते.

खंडित पोथी वाचून कवीला नापास करू नये, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले. त्या व्याख्यानातील माझे विधान मी येथे मागे घेतो. चित्रपट कदाचित तुम्हाला आवडणार नाही. तो तुमचा अधिकार आहे. फक्त निकाल देण्यापूर्वी, आपल्यापुढे कोणती प्रत आली आहे, एवढे अवश्य पाहावे.