अकरावा रंग : दशावतारी गंजिफाच्या जोडातील एक भर

दशावतारी गंजिफाच्या जोडास अकरावा रंग जोडण्याचा प्रयत्न परभणीतील आमच्या काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नुकताच केला. जनाबाईचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हा रंगाचे चिन्ह जाते, राजा विठ्ठल व प्रधानाच्या जागी दळावयास बसलेली जनाई, ही योजना सहज सुचण्याजोगी आहे. पाने जाड पुठ्ठ्यावर हाताने रंगविली असून चित्रे खरोखर देखणी आहेत. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय चित्रे हा नव्हे. नवे पान जुन्या खेळात नांदते की नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

त्यासाठी मूळ जोडाची बांधणी ध्यानी घेतली पाहिजे. सावंतवाडीस रंगविल्या जाणाऱ्या दशावतारी जोडात दहा रंग असतात. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. अशी १२० पाने तिघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्यास ४० येतात. मुघल जोडात आठ रंग व ९६ पाने, म्हणजे प्रत्येकी ३२. नवग्रहांच्या जोडात १०८, म्हणजे प्रत्येकी ३६. अबुल फज्लने ‘ऐने-अकबरी’त वर्णिलेला जुना जोड बारा रंगांचा, १४४ पानांचा आहे. बारास तिनाने भाग जात असल्यामुळे रंग कितीही वाढविले तरी वाटणी अडत नाही. रंगात तेरावे पान मात्र घालून पाहावे : दहा रंगांची १३० पाने होतात आणि वाटताना एक उरते. गंजिफाने ग्रह, राशी, अवतार अशी नवनवी कुटुंबे इतक्या सुखाने पोटात घेतली, त्याचे निदान एक कारण या साध्या भागाकारात आहे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट पानांच्या क्रमाची. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ. मुघल जोडात यांस अनुक्रमे बेशबर व कमबर अशी फारसी नावे आहेत. अधिक ते वरचढ आणि उणे ते वरचढ. दहा रंगांत पाच-पाच अशी विभागणी होते. अकराव्या रंगाने ती सहा-पाच होईल, असा आक्षेप एका सहकाऱ्यांनी घेतला. तो बरोबर असला तरी मी त्यास फारसे महत्त्व देत नाही. नवग्रहांच्या नऊ रंगांचेही समान भाग होत नाहीत आणि तरी तो जोड निर्माण झालाच.

खरा दोष अन्यत्र आहे. विद्यार्थ्यांनी जनाईच्या पानास एक विशेष अधिकार दिला : ‘जनाईवर विठ्ठल चालत नाही.’ विठ्ठल जनाईस दळू लागे या कथेतून हा नियम आला, आणि कथेच्या दृष्टीने तो गोडच आहे. खेळाच्या दृष्टीने काय घडते? गंजिफात हुकमाचा रंग नसतो. जो रंग उतरला त्यातीलच वरचे पान हात घेते. त्यामुळे प्रधान हाती असलेल्या गड्यास राजा बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते, तो कोणाकडे असेल याचा अदमास घ्यावा लागतो, गेलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. खेळाचे सारे बुद्धिकौशल्य या प्रतीक्षेत आहे. जनाईस प्रतीक्षा नाही. तिच्या रंगात पहिल्या हातापासूनच दोन अजिंक्य पाने. म्हणजे एका रंगापुरता खेळ थांबतो आणि वाटणीचे दैव तेवढे शिल्लक राहते.

नियमाची भाषाही तपासावी लागते. मराठीत ‘चालणे’ या क्रियापदास मुभा असणे आणि परिणामकारक होणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘येथे जोडे चालत नाहीत’ हा निषेध; ‘त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही’ हे असामर्थ्य. मग विठ्ठल जनाईवर टाकावयाचाच नाही, की टाकला तरी हात मिळत नाही? रंग देणे सक्तीचे मानून खेळणाऱ्यांत हा भेद जीवघेणा ठरतो. गड्याजवळ त्या रंगाचे विठ्ठल हे एकच पान असेल, तर पहिल्या अर्थाने राजा वाचतो, दुसऱ्या अर्थाने फुकट जातो. हा नियम वर्गात प्रथम वाचला गेला तेव्हा मी स्वतः त्यास मान्यता दिली होती. ज्याने आयुष्याची काही वर्षे क्रियापदांच्या अर्थछटांवर घालविली त्यास ही संदिग्धता तिघे जण प्रत्यक्ष भांडू लागेपर्यंत दिसू नये, ही गोष्ट मला भूषणावह नाही.

१९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ निघाला. त्यात पानावर छापलेले वाक्य सामान्य नियमास बाजूस सारते. त्या खेळाचे चाहते घरी पाने रचतात तेव्हा ते वस्तुतः वाक्ये रचीत असतात. आमच्या विद्यार्थ्यांची दृष्टी बहुधा तेथूनच आली असावी. गंजिफाचे पान मुके आहे; त्यास केवळ रंग आणि पायरी. त्याच्या तोंडी वाक्य घालणे हा निषिद्ध प्रकार नव्हे, पण तो वेगळा खेळ होय.

केवळ विठ्ठल हवा होता, तर त्यास अकराव्या रंगाची गरजही नव्हती. नवव्या अवताराच्या जागी ओडिशात जगन्नाथ येतो, महाराष्ट्रात काही ठिकाणी विठ्ठल. चित्र पालटले तरी तोल ढळत नाही. परंतु जाते हे चिन्ह सोडवत नाही, हे मीही कबूल करतो.

मग जनाईचे वैशिष्ट्य कोठे ठेवावे? परंपरेतच एक जागा आहे. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने डाव सुरू करावा, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. हा नियम आरंभापुरता आहे. कोणतेही पान तो वर चढवीत नाही की खाली उतरवीत नाही. दळण पहाटेचे, तेव्हा पहाटेच्या डावाची पहिली उतारी जात्याच्या राजाकडे द्यावी आणि प्रधानाची पायरी इतर रंगांतल्याप्रमाणे राहू द्यावी, असे मी सुचविले. पहाटे पत्ते कुटतो कोण, असे विद्यार्थ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. कोजागरीच्या जागरणास डाव पहाटेपर्यंत लांबवून पाहावयाचे ठरले आहे.