गोरेगाव ते गोरेगाव

गोंदिया स्टेशनातून बाहेर पडलं की काळीपिवळी जीपला टेकून उभा असलेला पोरगा ओरडत असतो, ‘गोरेगाव, गोरेगाव, गोरेगाऽव!’ विदर्भ एक्स्प्रेसमधून नुकतेच उतरलेले, मुंबईत नोकरी करणारे लोक ते ऐकून गालातल्या गालात हसतात. त्यांच्यातल्या एखाद्याने आदल्या संध्याकाळी ह्याच नावाच्या स्टेशनावरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडलेली असते. एक गोरेगाव मुंबईचं उपनगर, दुसरं गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मधे साडेनऊशेहून जास्त किलोमीटर, आणि सगळं ओलांडून माणूस पोचतो कुठे, तर गोरेगावलाच.

हा प्रवास मी बऱ्याच वेळा केला आहे. दर वेळी तो मला वृत्तात बसवलेल्या ओळीसारखा वाटतो. शाळेत शार्दूलविक्रीडित शिकवताना गुरुजी बाराव्या अक्षरावर टेबलावर डस्टर आपटायचे. ती यती. एकोणीस अक्षरांपैकी बारा म्हणायची, श्वास घ्यायचा, उरलेली सात म्हणायची. श्वास शब्द संपल्यावर आला तर ओळ डोलते. शब्दाच्या पोटातच आला तर यतिभंग. गाडी बदलणं ही प्रवासातली यती आहे. ती नसावी असं माझं मुळीच म्हणणं नाही, फक्त जागेवर पडावी. गोरेगाव ते गोरेगाव ह्या ओळीत अशा दोन जागा आहेत, दादर आणि गोंदिया. रसिकाने ही ओळ ह्या दोन जागांवर तपासावी.

दादर आधी घेऊ. गोरेगावहून लोकलने दादरला उतरायचं, जिना चढायचा, पश्चिमेच्या पुलावरून मध्य रेल्वेच्या बाजूला यायचं आणि विदर्भ पकडायची. पुलावर दोन प्रकारची माणसं एकमेकांना छेदत असतात. ऑफिसची बॅग पोटाशी धरलेला माणूस झपाझप चालतो. त्याच्या डोळ्यांपुढे इंडिकेटरचे लाल आकडे असतात. ट्रंक, पिशव्या आणि एक झोपलेलं पोर घेतलेला माणूस दर दहा पावलांनी थांबून विचारतो, ‘विदर्भ कुठे लागते?’ ह्या प्रश्नाचं उत्तर देणं पूर्वी फार अवघड होतं, कारण दादरला दोन रेल्वे आणि दोघींचे आपापले एक, दोन, तीन नंबर. ‘तीन नंबरवर भेट’ म्हटलं की दोन मित्र दोन वेगवेगळ्या तीन नंबरांवर उभे राहून एकमेकांना फोनवर शिव्या घालत. 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेने आपले फलाट 8 ते 14 असे मोजायला सुरुवात केली. पश्चिमेकडे 1 ते 7 तसेच राहिले. त्यासाठी नवा पूल उभारावा लागला नाही की रूळ हलवावा लागला नाही, नुसत्या पाट्या बदलल्या. चांगल्या मुद्रितशोधकाने एक अनुस्वार जागेवर ठेवावा आणि अख्खं वाक्य उलगडावं, तसं हे काम झालं. मला ते फार देखणं वाटतं.

पण दादरच्या यतीचं खरं रहस्य पुलात नाही, लोकलच्या वारंवारतेत आहे. जिथे दर तीन-चार मिनिटांनी लोकल येते तिथे कुणाला मेळ घालावा लागत नाही, तो आपोआप पडतो. एक लोकल चुकली तर दुसरी. परतीच्या वाटेवर तर हे जास्तच जाणवतं. विदर्भ एक्स्प्रेस पहाटे कल्याणला एक तास उशिरा आली काय नि वेळेवर आली काय, मुंबईची लोकल तिच्यासाठी कधी थांबत नाही आणि कधी निघूनही गेलेली नसते. विपुलतेचं हे सौंदर्य आहे आणि त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. काटकसरीत जो मेळ साधावा लागतो, त्याच्यात कस लागतो.

मधला लांब चरण सोळा-एक तासांचा. तो झोपेत जातो, म्हणून वाचायचा राहून जातो. पण विदर्भचे थांबे एकदा सलग मोठ्याने म्हणून पाहा. एक शब्द तीन वेळा येतो: नाशिक रोड, भंडारा रोड, तुमसर रोड. ‘रोड’ हा शब्द रेल्वेने दिलेला कबुलीजबाब आहे. गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथून आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. भंडारा रोडचं स्टेशन वरठीला. भंडारा तिथून आणखी आठ-दहा किलोमीटर. नाशिक रोडचंही तेच. हा ‘रोड’ भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशन ते शहर घोड्यांची ट्रॅम सुरू झाली होती. तुमसरला तर खुद्द रेल्वेनेच चूक दुरुस्त केली: तुमसर रोडहून तिरोडीकडे फाटा काढला आणि त्यावर तुमसर टाउन हे स्टेशन बसवलं. आमच्या गोंदिया जिल्ह्यातली गावंही ह्या बाबतीत शहाणी. एक अर्जुनी रेल्वेवर आहे, ती अर्जुनी मोरगाव. दुसरी महामार्गावर, तिचं नावच सडक अर्जुनी. नाव ऐकलं की गाडी पाहायची की एसटी, ते कळतं. गावाच्या नावात इतकं वेळापत्रक मावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि मग गोंदिया.

रेल्वेच्या कागदावर गोंदियाचं सांकेतिक नाव एका अक्षराचं आहे, नुसतं ‘जी’. मोठमोठ्या शहरांना तीन-चार अक्षरं लागतात, ह्या भाताच्या गिरण्यांच्या गावाचं एकावर भागतं. हे अक्षर बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातल्या मोठेपणाची खूण म्हणून मी मिरवतो. कुणी पुरावा मागितला तर विषय बदलतो. जंक्शन मात्र खरोखर जुनं. नागपूर-छत्तीसगडची मीटरगेज 1880च्या दशकात इथून गेली, 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन बाजूंनी दोन अरुंद रूळ येऊन मिळाले. उत्तरेकडून बालाघाट-नैनपूर-जबलपूरचा सातपुडा मार्ग, दक्षिणेकडून नागभीडचा, जो पुढे चांदा फोर्टपर्यंत गेला.

आमच्याकडे त्यांना ‘बडी लाईन’ आणि ‘छोटी लाईन’ म्हणत. मराठी घरातही हेच शब्द. गोंदियात तेवढी हिंदी सगळ्यांच्या ताटात असते. बडी लाईन साडेपाच फूट रुंद, छोटी अडीच फूट. मधल्या तीन फुटांसाठी प्रत्येक पोतं, प्रत्येक ट्रंक, प्रत्येक आजी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. लहानपणी मला छोट्या लाईनची गाडी खेळण्यातली वाटायची. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघे भिडत, आणि चढावर ती अशी धापा टाकायची की खाली उतरून लघवी करून परत चढता येतं, अशी पैज आमच्यात लागायची. जुनी माणसं सांगत की छोटी गाडी बडीची वाट बघत उभी राहायची, कारण बडीतून उतरलेल्यांना घेतलं नाही तर तिच्यात बसणार तरी कोण? हे नियमाने होत होतं की गार्डाच्या चांगुलपणाने, ह्यात मी शिरत नाही. पण उभ्या गाडीचं ते चित्र माझ्या डोक्यात पक्कं आहे. दोन रूळ जुळत नव्हते, म्हणून वेळा जुळवायची गरज सगळ्यांना दिसत होती.

आता रूळ जुळले. नागभीडचा मार्ग 1990च्या दशकात रुंद झाला, बालाघाटचा ह्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि जबलपूरपर्यंत सलग रुंद मार्ग 2020च्या सुमारास. गया-चेन्नई, कोरबा-यशवंतपूर अशा गाड्या आज गोंदियावरून थेट दक्षिणेत उतरतात. त्यातल्या कोरबा-यशवंतपूरचं नाव वैनगंगा एक्स्प्रेस. उत्तर-दक्षिण नकाशा पाहणाऱ्याला ही मोठीच गोष्ट आहे, आणि मी तिला कमी लेखत नाही. पण हिरडामालीला उतरणाऱ्याला वैनगंगेचा उपयोग काय? ती तिथे थांबत नाही. हिरडामाली म्हणजे आमच्या गोरेगावचं स्टेशन. इथेही गावाचं नाव एक आणि स्टेशनाचं दुसरं, फक्त ‘रोड’ म्हणायचं राहिलं. तिथे थांबते बल्लारशाकडची लोकल. तिला कागदावर मेमू म्हणतात, आम्ही लोकलच म्हणतो, आणि दादरच्या लोकलशी तिचं साम्य तेवढ्याच शब्दापुरतं. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाही तर बाहेर काळीपिवळी आहेच.

गोंदियाच्या फलाटावर बसून घोषणा नीट ऐका. अमुक ठिकाणाहून येणारी, तमुक मार्गे अमुक ठिकाणी जाणारी गाडी क्रमांक इतका इतका, फलाट क्रमांक इतक्यावर येत आहे. तीन भाषांत, सुस्पष्ट, एकेक आकडा सुटा करून. निर्दोष वाक्य आहे. फक्त त्यात ‘आणि’ नाही. ही गाडी आली, आणि तिच्यातून उतरणाऱ्यांसाठी पलीकडे दुसरी उभी आहे, असं ते वाक्य कधी म्हणत नाही. प्रत्येक गाडी स्वतःपुरती पूर्णविराम घेऊन येते. तो ‘आणि’ बाहेर काळीपिवळीच्या पोऱ्याच्या तोंडी आहे. ‘काकाजी, गोरेगाव ना? बसा, एकच शीट बाकी हाय.’ ही एक शीट पुढची वीस मिनिटं बाकीच असते, कारण जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे काकाजींनाही माहीत असतं. तरी ते बसतात. एसटीने जायचं तर मरारटोलीच्या बसस्थानकापर्यंत जा, सामान असेल तर त्यासाठीही ऑटो. एका प्रवासात तीन खिसे उघडावे लागतात: मोबाइलवर काढलेलं लोकलचं तिकीट, आरक्षणाचं तिकीट, आणि जीपवाल्याला द्यायचे सुटे, ज्यांची पावती नसते.

दुपारच्या आत येणाऱ्या विदर्भवाल्यांचं तरी निभतं. कोल्हापूरहून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला येते ती दिवस मावळल्यावर. पावसाळ्यात ती उशिरा आली की बाहेर जीपही नसतात आणि पोऱ्याही नसतो. मग नातेवाइकांच्या घरी जाऊन रात्र काढायची. शब्दाच्या पोटात पडलेली यती ती हीच.

यती ठरवून जागेवर पाडताही येते. स्वित्झर्लंडने 1982 साली देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लागू केलं. पुढे 2004च्या डिसेंबरात झ्युरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आणला. किती आत? जेमतेम चार मिनिटं. एवढ्यासाठी अब्जावधी खर्चून नवा मार्ग! हिशेब असा की गाडी तासाच्या ठोक्याआधी पोचली की स्टेशनात त्याच वेळी जमलेल्या बाकीच्या गाड्या आणि बस मिळतात, आणि मग सगळ्या पाठोपाठ सुटतात. वेग विकत घेतला तो यती जागेवर पडावी म्हणून. आपल्याकडे नागपूरला मेट्रोचं स्टेशन रेल्वे स्टेशनाजवळ आहे आणि त्या बाजूची मार्गिका 2022च्या डिसेंबरात सुरू झाली, हे चांगलं झालं. नागपूरभोवतीच्या गावांसाठी ब्रॉडगेज मेट्रोचाही विचार झाला, त्यात पूर्वेचं टोक भंडारा रोड होतं. पुन्हा ‘रोड’, आणि गोंदिया त्याच्याही पलीकडे.

तरी ह्या ओळीत एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी ती पुन्हा पुन्हा वाचतो. विदर्भ एक्स्प्रेस तिरोड्याला थांबते. गोंदियाआधीचा हा शेवटचा थांबा. गाडी सुटली की डब्यात एकदम दहा-बारा मोबाइल कानाला लागतात. बायका पदर सावरत, पोरं वरच्या बाकावरून पाय लोंबकळत ठेवून, सगळे एकच वाक्य बोलतात: ‘तिरोडा सुटलं.’ पुढे मागे काही नाही. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. तिकडे गोरेगावात, आमगावात, कुठल्या टोलीवर कुणीतरी हातातलं काम टाकतं आणि मोटरसायकलला किक मारतं. किती वाजता निघायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, पण त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. दादरला असा फोन कुणी करत नाही, तिथे तशी गरजही नाही.

मागच्या खेपेला मीही केला. भाचा म्हणाला, ‘मामाजी, मी कवाचा निघालो. गाडी उशिरा आहे हे मोबाइलात पाह्यलं, म्हणून वाटेत पंक्चर काढून घेतलं.’ बाहेर आलो तर तो पोऱ्याच्या जीपला टेकूनच उभा होता, आणि पोऱ्या माझ्याकडे बघून न ओरडताच पुढच्या माणसाकडे वळला.