निसर्गोपचार आणि पाण्याचा प्रश्न

पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता गांधीजींनी १९४२ साली ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे गुजराती पुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्या भागात आहार, व्यसने, ब्रह्मचर्य इत्यादींचा, तर दुसऱ्यात पंचमहाभूतांच्या साहाय्याने करावयाच्या उपचारांचा विचार आहे. आरोग्याची किल्ली ज्याच्या त्याच्या हाती, म्हणजे संयमात व ईश्वरनिष्ठेत आहे, हे या विवेचनाचे सूत्र होय. औषधांवरील परावलंबन कमी करणारी ही भूमिका गरिबांच्या हिताची आहे, यात शंका नाही.

परंतु महाभूते सर्वांना सारखीच सुलभ असतात, हे तिच्यामागील गृहीत तपासून पाहावयास हवे. सुपा हे गाव पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यात आहे. पुस्तकात सांगितलेल्या कूनेप्रणीत कटिस्नानास टबभर पाणी लागते. जेथे पिण्याच्या पाण्याचीच वानवा, तेथे हा सर्वांत स्वस्त उपचारही दुर्मिळ ठरतो. आणि तो दोष रोग्याच्या संयमाचा नव्हे.

याच तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतर देवळाचा जीर्णोद्धार, दारूबंदी व पाणलोटाची कामे एकत्र साधली. तेथे श्रद्धा व संयम यांना सामूहिक श्रमाची जोड मिळाली. स्वतः गांधीजींनीही १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराशी ग्रामसफाईची सांगड घातली होती. त्यांची कृती त्यांच्या ग्रंथापुढे गेली, असेच म्हणावे लागते. आरोग्य ही व्यक्तीची साधना खरी. पण तिचे साधन गावाने मिळून निर्माण करावयाचे असते.