महिला पत्रकारांची संघटना : एका इतिहासाचे फेरवाचन

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून साजरा करतो. काही वर्षांपूर्वी त्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी मला बोलावले होते. विषय होता ‘महिला पत्रकारांची वाटचाल’. मी टिपणे काढून नेली होती. पहिली संपादक कोण, पहिली छायाचित्रकार कोण, संघटना कधी झाल्या, असा सगळा क्रम नीट लावला होता. भाषण झाले, शाल-श्रीफळ झाले. चहाच्या वेळी चाळिशीतल्या एक बाई जवळ आल्या. बारा वर्षे त्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही संघटनेचं सांगितलंत ते बरं वाटलं. पण सभासद व्हायचं तर नेमणूकपत्र मागतात. आमच्याकडे नुसतं ओळखपत्र असतं. तेही दिवाळीच्या जाहिरातींचा आकडा गाठला तरच नवं करून मिळतं.”

मला उत्तर सुचले नाही. परतीच्या एसटीत मी माझी टिपणे पुन्हा वाचली आणि लक्षात आले की या बाईंना बसायला त्यांत कुठेच जागा नव्हती. प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हता. महिला पत्रकारांचा इतिहास आपण ज्या पद्धतीने लिहितो, त्या पद्धतीचा होता.

ती पद्धत म्हणजे ‘पहिल्यां’ची यादी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या पश्चात ‘दीनबंधु’चे संपादन हाती घेतले, त्या वृत्तपत्राच्या पहिल्या स्त्री-संपादक ठरल्या. होमाई व्यारावाला पहिल्या भारतीय स्त्री-वृत्तछायाचित्रकार ठरल्या. हे खरेच आहे आणि सांगितलेही पाहिजे. पण यादीत नाव गेले की त्या नावामागची परिस्थिती विझते. तानुबाई एकाएकी उगवल्या नव्हत्या. त्यांच्या मागे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतले शिक्षण होते, सत्यशोधक चळवळ होती, आणि १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेले पत्र होते. होमाईंची सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापून आली. ‘पहिली’ या शब्दाने त्यांचा गौरव होतो. पण ते नाव का छापले गेले नाही आणि तसे किती जणींचे झाले असेल, हा प्रश्न त्या गौरवात बुडून जातो. यादी व्यक्ती मोजते. व्यवस्था तिच्या हाताला लागत नाही.

संघटनेचा इतिहास या यादीहून वेगळा असायला हवा, कारण संघटना जन्मालाच येते ती व्यवस्थेशी बोलण्यासाठी. महाराष्ट्रात त्याचा ठळक दाखला म्हणून मी १९८०च्या दशकातील बॉम्बे युनियन ऑफ जर्नालिस्ट्सच्या ‘विमेन अँड मीडिया कमिटी’कडे पाहते. मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर, १९८०च्या सुमारास, मुंबईत स्त्रियांची आंदोलने उभी राहिली होती. त्या वातावरणात पत्रकार स्त्रियांनी आपल्या युनियनच्या आतच हे काम सुरू केले. वेगळा क्लब काढला नाही, की हळदीकुंकवासारखे वार्षिक संमेलन भरवले नाही. मला ही निवड महत्त्वाची वाटते. युनियनमध्ये राहिल्यामुळे पगार, पाळ्या, बढत्या हे विषय ‘बायकांचे प्रश्न’ न राहता कामगारांचे प्रश्न झाले. मी स्वतः त्या दशकाच्या अखेरीस एका मराठी दैनिकात लागले, तेव्हा मुलाखतीत मला विचारले होते, “रात्रपाळी संपल्यावर तुम्हाला घरी कोण सोडणार?” प्रश्न काळजीचा वाटतो. त्याचा परिणाम मात्र असा झाला की मी अकरा वर्षे पुरवणीच्या टेबलावर राहिले. कारण पहिले पान रात्री लागते.

या कमिटीचे खरे योगदान मात्र नोकरीच्या प्रश्नापलीकडचे आहे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील सीकर जिल्ह्यातल्या देवराला गावी अठरा वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळून मेली. देशभर वाद पेटला. ‘जनसत्ता’ने सतीच्या बाजूचे संपादकीय छापले आणि त्यावर स्त्रियांनी निषेध नोंदवला. मुंबईहून मीना मेनन, गीता सेशू आणि सुजाता आनंदन या तिघी कमिटीच्या वतीने देवरालाला गेल्या. त्यांचा ‘ट्रायल बाय फायर’ हा अहवाल त्याच वर्षी आला.

हा अहवाल मी वाङ्मयप्रकार म्हणून वाचते, आणि म्हणूनच त्याविषयी या अंकात लिहावेसे वाटले. सत्यशोधन समित्यांचे अहवाल आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते घटनेचा तपास करतात. या तिघींनी घटनेबरोबर बातमीचाही तपास केला. मृत्यू कसा झाला, हा एक प्रश्न. आणि तो मृत्यू वृत्तपत्रांनी कसा सांगितला, हा दुसरा. पत्रकारांनीच पत्रकारितेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, ही गोष्ट त्या काळी नवी होती. ‘महिलांना संधी द्या’ या मागणीपेक्षा ती मोठी होती. संधीची मागणी वृत्तपत्र जसे आहे तसे गृहीत धरते आणि त्यात जागा मागते. हा अहवाल विचारतो की वृत्तपत्राला ‘बातमी’ म्हणजे काय वाटते, कोणाचे बोलणे त्याला पुरावा वाटते आणि कोणाचे अफवा. पुढे खटल्यांचे निकाल निर्दोष मुक्ततेचे लागत गेले. गौरवीकरणाच्या आरोपातून आठ जण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटले, तेव्हा घटनेला सदतीस वर्षे झाली होती. न्यायालयाच्या दप्तरात रूपकंवरच्या नावापुढे फारसे काही उरले नाही. तिच्याविषयी त्या वेळी प्रश्न विचारले गेले होते, याची नोंद मात्र या लहानशा अहवालात उरली.

इथवरचे कौतुक मनापासूनचे आहे. आता मर्यादा. युनियनच्या छत्राखाली ‘पत्रकार’ कोण, हे २०२५पर्यंत १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ठरत असे. त्या कायद्यानुसार पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे, तो श्रमिक पत्रकार. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या उपसंपादिकेला ही व्याख्या पुरते. तालुक्याची वार्ताहर तिच्यातून निसटते. ती सकाळी बालवाडीत शिकवते किंवा झेरॉक्सचे दुकान चालवते, दुपारी पंचायत समितीत जाते आणि संध्याकाळी बातमी पाठवते. तिला मानधन मिळते, पगार नाही. बहुतेकदा जाहिरातीवरचे कमिशन हीच तिची खरी मिळकत. पुढे कंत्राटी नेमणुका आल्या तेव्हा शहरातल्या पत्रकारही या व्याख्येच्या कडेला ढकलल्या गेल्या. म्हणजे ज्या युनियनमुळे संघटनेला बळ आले, त्याच युनियनच्या सभासदत्वाच्या अटीने तिची हद्दही आखून दिली.

मग मराठीत काय घडत होते? संघटना या नावाखाली शोधले तर फारसे हाती लागत नाही आणि अभ्यासक तिथेच थांबतात. मला वाटते आपण चुकीच्या कपाटात शोधतो. मराठी स्त्रियांनी त्या काळात नियतकालिके काढली, आणि संघटनेचे बरेचसे काम त्या नियतकालिकांनी केले. १९७७ मध्ये ‘बायजा’ निघाले. स्त्री मुक्ती संघटनेचे ‘प्रेरक ललकारी’ निघाले. ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले. तिथे घडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. या मासिकांना वर्गणीदार होत्या, पण त्या नुसत्या वाचत नव्हत्या. पत्र लिहिणारी पुढे अनुभव लिहू लागली, अनुभव लिहिणारी वृत्तान्त लिहू लागली. तिला नेमणूकपत्र कोणी मागितले नाही.

आणखी एक उदाहरण मला ‘ट्रायल बाय फायर’च्या शेजारी ठेवावेसे वाटते. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन उभे केले आणि ते गावोगावी फिरवले. त्यातूनच नारी समता मंच आकाराला आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या खटल्यातील पतीला पुराव्याअभावी निर्दोष सोडले. तो निकाल परिस्थितिजन्य पुराव्याच्या संदर्भात आजही उद्धृत होतो. प्रदर्शनाचा रोख एका आरोपीपुरता नव्हता. घरातला मृत्यू ‘स्टोव्हचा भडका’ अशा दोन ओळींत संपवण्याच्या सवयीला त्याने हात घातला. प्रदर्शन पाहून बायका तिथेच आपली हकीकत सांगू लागत. पानावर न मावलेली बातमी भिंतीवर आली आणि तिने नवे वार्ताहर तयार केले. देवरालाचा अहवाल पाच वर्षांनी जे इंग्रजीत, पत्रकारांच्या शिस्तीने करणार होता, त्याचा गाभा इथे मराठीत, चळवळीच्या रीतीने आधीच आला होता. दोन्हींचा इतिहास एकत्र लिहिला जात नाही, कारण एक ‘पत्रकारिते’च्या खणात पडतो आणि दुसरा ‘स्त्री-चळवळी’च्या.

अर्थात मासिकाला संघटना म्हणताना हात राखून बोलले पाहिजे. मासिक बोलायला जागा देते. पण वरिष्ठाने त्रास दिला तर मासिक वाटाघाटीला येऊन बसत नाही. माझ्या पुरवणीच्या टेबलावर दर महिन्याला ‘साऱ्याजणी’ येत असे. आम्ही तिघी-चौघी तो अंक वाचून पेटून उठायचो आणि पाच मिनिटांनी पाककृतीच्या सदराची प्रुफे तपासायला बसायचो. लेखणीला बळ होते, नोकरीला नव्हते. मुंबईच्या कमिटीकडे वाटाघाटीचे बळ होते, पण भाषा आणि व्याख्या यांमुळे ती आमच्यापर्यंत पोचत नव्हती. ही दोन अर्धुके त्या काळात एकमेकांना भेटली नाहीत, ही या इतिहासातली माझ्या मते सर्वांत मोठी हानी.

जानेवारी २००२ मध्ये दिल्लीत ‘नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया’ स्थापन झाले. अध्यक्ष नाही, उतरंड नाही, शहराशहरांतले गट आणि वर्षातून एक भेट, अशी त्याची रचना. युनियनच्या साच्यातून बाहेर पडण्याचा हा जाणता प्रयत्न होता. २०१८च्या ‘मी टू’च्या वेळी अशा जाळ्याचा उपयोग दिसला, एकटीने बोलणारीला आपण एकटी नाही हे कळले. त्याच २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूटमधून ‘खबर लहरिया’ निघाले. दलित, आदिवासी, मुस्लिम ग्रामीण स्त्रियांनी बुंदेली बोलीत चालवलेले हे पत्र ‘निरंतर’ या संस्थेच्या साहाय्याने उभे राहिले. तिथे वार्ताहर पगारीही होती आणि पत्र तिचे स्वतःचेही होते. मासिकाचे स्वत्व आणि युनियनची रोजीरोटी ही दोन अर्धुके तिथे जुळलेली दिसतात. संघटनेच्या इतिहासात ‘खबर लहरिया’ला पुरस्कारांच्या परिच्छेदात जागा मिळते, माझ्या मते ती रचनेच्या प्रकरणात मिळायला हवी.

मराठीत असे पत्र का झाले नाही, याचे एक उत्तर आपल्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये आहे. गावोगावची बातमी छापण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली. त्यामुळे गावातल्या बाईला बातमी देण्याची वाट मिळाली, पत्र काढण्याची गरज उरली नाही, आणि ती वाट जाहिरातीच्या कमिशनवरून जात होती. सोय झाली, हक्क आला नाही.

त्या तालुक्यातल्या बाईंना मी नंतर पत्र पाठवले. लिहिले की नेमणूकपत्राची अट ज्या कायद्यातून आली, तो तुमच्या कामाचे स्वरूप डोळ्यांसमोर ठेवून झालेला नाही. तेव्हा व्याख्या बदलण्याची मागणी हीच तुमच्या संघटनेची पहिली मागणी असू शकते. त्यांचे उत्तर आले. तालुक्यात आणि शेजारच्या दोन तालुक्यांत मिळून सात जणी आहेत, महिन्याच्या पहिल्या रविवारी एकीच्या दुकानात जमतात, असे त्यांनी कळवले होते. नोंदणी नाही, नाव नाही. बैठकीची वही मात्र ठेवतात.

पुढच्या वेळी हा इतिहास लिहायला बसेन, तेव्हा सुरुवात त्या वहीपासून करीन.