रानातल्या घराचे एक वर्ष

मागील पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुण मातेने एक पुस्तक आमच्या हाती ठेवले. आपल्या दोन लहान मुलांना ती रोज रात्री त्यातले थोडे थोडे मराठी करून सांगत असे. मुले खूष होती. ती स्वतः मात्र खूष नव्हती. "फादर, तुम्ही हे वाचा आणि मला सांगा," ती म्हणाली. "मुलांना फार आवडतं, पण मला वाचताना राग येतो. त्या बाईला सकाळची लोकल पकडायची नसते. मुलं दिवसभर तिच्या पदराशी. घरात रोज सण. असं कुणाचं घर असतं का?"

पुस्तक होते लॉरा इंगल्स वाइल्डर ह्या अमेरिकन लेखिकेचे 'लिटल हाउस इन द बिग वूड्स', १९३२ साली प्रसिद्ध झालेले. सेमिनरीत असताना इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही ते एकदा घाईघाईने वाचले होते आणि मुलींचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवले होते. ह्या वेळी ते सावकाश वाचले, दोनदा वाचले. त्या मातेच्या रागाला उत्तर देणे हे आमचे पहिले काम होते. परंतु वाचता वाचता आमच्याच मनात काही प्रश्न उभे राहिले आणि म्हणून हे टिपण.

पुस्तकाला म्हणण्यासारखे कथानक नाही. विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावापासून सात मैलांवर, दाट अरण्यात, ओंडक्यांचे एक लहान घर आहे. घरात बाबा, आई, मेरी, लॉरा आणि तान्ही कॅरी. शरद ऋतूत हिवाळ्याच्या बेगमीने पुस्तक सुरू होते. नाताळ, बर्फ, मेपलच्या झाडांचा रस, उन्हाळा, सुगी असे एक वर्तुळ फिरून पुन्हा शरद ऋतूशी येऊन थांबते. एवढेच. तरीही लहान मूल ते ऐकताना जागचे हलत नाही, ह्याचे कारण शोधले पाहिजे.

आम्हांला ते कारण असे दिसते : ह्या घरातील आनंद कामाच्या पोटातून येतो आणि त्या कामात लहान मुलांना खरा वाटा असतो. डुक्कर मारण्याचा दिवस घ्या. लॉरा कानांत बोटे घालून अंथरुणात तोंड लपवते. पण पुढच्या क्षणी तीच धावत बाहेर येते, कारण डुकराचे मूत्राशय फुगवून बाबा त्याचा चेंडू करून देणार आहेत आणि शेपटी निखाऱ्यावर भाजून खायची आहे. पोकळ खोडात मांस टांगून खाली हिकोरीच्या ओल्या ढलप्यांचा धूर करतात. त्या ढलप्या गोळा करून आणण्यात मुलींचा हात असतो. माळ्यावर साठवलेले भोपळे हिवाळाभर त्यांची टेबले-खुर्च्या होतात आणि मग एकेक करून ताटात येतात. अन्न आणि खेळणे ह्यांत त्या घराने भिंत घातलेली नाही.

लोणी काढण्याचा प्रसंग तर आम्ही मुद्दाम पुन्हा वाचला. हिवाळ्यात गाईचे लोणी पांढुरके निघते. आईला ते सुंदर हवे असते. म्हणून ती गाजर किसते, दुधात उकळते आणि फडक्यातून पिळून तो पिवळा रस सायीत घालते. उरलेला कीस मुलींना मिळतो. मेरीला वाटते, आपण मोठ्या म्हणून आपला वाटा मोठा. आई म्हणते, समान. मग तयार लोणी लाकडी साच्यात दाबले जाते आणि वर स्ट्रॉबेरीचे फळ व दोन पाने उमटतात. गरिबीच्या घरात, कोणी पाहुणा यायचा नसताना, लोण्याच्या गोळ्यावर पाने उमटवणारी ही बाई आहे. लेखिका तिची स्तुती करीत नाही. फक्त गाजर किती किसले, फडके कसे पिळले, हे सांगते. लेखनाचा हा संयम आमच्या मराठी बालसाहित्याने अवश्य पाहावा; आमच्याकडे आईने भाकरी थापली की लेखक लगेच मातृहृदयावर घसरतो.

त्या मातेचा पहिला आक्षेप, म्हणजे ह्या बाईला वेळच वेळ आहे, आम्हांला मान्य नाही. सोमवारी धुणे, गुरुवारी लोणी, शनिवारी पाव, असा तिचा आठवडा बांधलेला आहे. शिवाय चीज करायचे, त्यासाठी लागणारे विरजण वासराच्या जठराच्या अस्तरापासून काढायचे, कपडे शिवायचे, आणि काळोखात गोठ्याच्या फाटकाशी गाय समजून अस्वलाला चापट मारायची. वेळ तिलाही नाही. फरक असा की तिचे काम मुलांना दिसते आणि आमच्या धर्मग्रामातील मातांचे दिसत नाही. ते चर्चगेटला किंवा अंधेरीला कुठल्या तरी इमारतीत होते आणि घरी येते तो फक्त थकवा. ह्यात मातेचा दोष नाही. पुस्तकाचाही नाही.

दुसरा आक्षेप, घरात रोज सण असल्याचा. इथे आम्हांला वाटते, ऐकणाऱ्या मुलांच्या आवडीकडे पाहून सांगणाऱ्या आईने काही पाने भरभर उलटली असावीत. हे पुस्तक गोडगोड नाही. मेरीचे केस सोनेरी, लॉराचे तपकिरी. मावशी पाहुणी येते, केसांची गोष्ट निघते, आणि पुढे भांडणात मेरी म्हणते की सोनेरी केसच अधिक सुंदर. लॉरा तिच्या थोबाडीत मारते. बाबा चामड्याच्या पट्ट्याने लॉराला मारतात. आज आम्ही कोणत्याही पालकाला तसे करू देणार नाही, आणि तो प्रसंग मुलांना वाचून दाखवताना तसे स्पष्ट सांगावेही. परंतु पुढे काय होते ते पाहा. संध्याकाळी बाबा तिला मांडीवर घेतात. ती विचारते, तुम्हांला सोनेरी केसच आवडतात ना? बाबा म्हणतात, लॉरा, माझेही केस तपकिरी आहेत. मुलीने हे कधी पाहिलेच नव्हते! त्या एका वाक्यात पाच वर्षांच्या मुलीच्या मत्सराला जेवढे औषध आहे तेवढे आमच्या अनेक प्रवचनांत नसते. आणि शेवटी लेखिका एक बारीकशी, खट्याळ गोष्ट सांगते : शिक्षेमुळे लॉरा घरात बसली, म्हणून ढलप्यांचे भांडे त्या दिवशी मेरीला एकटीला भरावे लागले. लॉराला ह्याचे थोडे समाधान वाटते. पश्चात्ताप संपूर्ण असला पाहिजे असे शिकवणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ही ओळ टोचते, पण खरी वाटते.

'रविवार' ह्या प्रकरणाने मात्र आम्हांला अस्वस्थ केले. इंगल्स कुटुंब प्रॉटेस्टंट. रविवारी मुलींनी धावायचे नाही, ओरडायचे नाही, शिवायचे-विणायचे नाही. शांत बसून बायबलमधील कथा ऐकायच्या. एका रविवारी लॉराला हे असह्य होते आणि मला रविवार आवडत नाही असे ती मोठ्याने ओरडते. बाबा तिला कठोरपणे हाक मारतात. पण मारत नाहीत. आपले वडील लहान होते तेव्हाचे रविवार किती कडक होते, आणि तीन भावांच्या घसरगाडीवर वाटेतले एक डुक्कर अचानक येऊन बसल्याने रविवार कसा मोडला, ही गोष्ट ते तिला सांगतात. आम्ही हसलो. नंतर रविवारच्या मिस्सेत पुढच्या बाकांवर चुळबुळ करणारी आमची मुले आठवली, आणि वेदीवरून त्यांच्याकडे टाकलेल्या आमच्या नजराही आठवल्या. त्या मुलांतील एखादे पुढे लेखक झाले तर आमच्या रविवाराबद्दल काय लिहील?

जुन्या काळाच्या नावाने गळा काढणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट जाता जाता. सुगीच्या दिवसांत आठ घोड्यांनी फिरणारे मळणीयंत्र ह्या रानात येते, आणि बाबांना त्याचे भारी कौतुक वाटते. काठीने झोडपून आठवडे जातील ते काम एका दिवसात झाले, ज्यांना जुन्या रीती हव्यात त्यांनी त्या ठेवाव्यात, असे ते म्हणतात. तेव्हा हे पुस्तक मुलांच्या हातातील मोबाइल हिसकावण्यासाठी काठी म्हणून वापरू नये.

आता आमचे स्वतःचे आक्षेप. पहिला, पहिल्याच पानावरचा. उत्तरेकडे महिनाभर चालत गेले तरी घर नाही, रस्ता नाही, माणूस नाही, फक्त झाडे आणि श्वापदे, असे ते अरण्य लेखिका रंगवते. मुलाच्या दृष्टीने हे चित्र मोहक आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते खोटे आहे. पेपिनभोवतीची जमीन डकोटा लोकांची होती. १८३७ च्या तहाने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील त्यांची भूमी गेली. आणि उत्तरेला त्या वेळीही ओजिब्वे लोक राहत होतेच; १८५४ च्या तहाने त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनी तिथे आजही आहेत. लेखिकेच्या मालिकेतील आदिवासींच्या चित्रणामुळेच अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या पुरस्कारावरचे तिचे नाव काढले. पुस्तक जाळून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. पण पहिले पान वाचताना सांगणाऱ्याने क्षणभर थांबून, तिथे माणसे होती, एवढे मुलांना सांगितलेच पाहिजे. रिकामे रान सुंदर असते म्हणून ते रिकामे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि त्या मातेच्या रागाच्या मुळाशी कदाचित हाच असावा. हे घर इतके सुरक्षित कसे? लॉराचा जन्म १८६७ चा. प्रत्यक्षात हे कुटुंब विस्कॉन्सिनहून कॅन्ससला गेले, कॅरी तिथेच १८७० साली जन्मली, पुढच्या वर्षी ते परत आले आणि १८७४ साली पुन्हा निघाले. पुस्तकातील ते स्थिर, भक्कम घर म्हणजे दोन स्थलांतरांमधला एक मुक्काम होता. पुढे १८७५ साली लॉराला एक भाऊ झाला, चार्ल्स फ्रेडरिक. तो नऊ महिन्यांचा होऊन वारला. संपूर्ण मालिकेत त्याचा उल्लेख नाही. १८७९ साली मेरीची दृष्टी गेली. लग्नानंतर लॉराचा स्वतःचा मुलगा १८८९ साली, नाव ठेवण्याआधीच गेला, आणि त्याच महिन्यात घर जळाले. मोठ्यांसाठी तिने आधी जे आत्मकथन लिहिले त्यात लहान भावाचा मृत्यू आहे. त्या आत्मकथनाला तिच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही, ते २०१४ साली छापले गेले. त्याच आठवणींतून, कन्या रोझच्या साहाय्याने, मुलांसाठीचे हे पुस्तक उभे राहिले.

म्हणजे लेखिकेला दुःख ठाऊक नव्हते असे नाही. तिने ते दाराबाहेर ठेवले. हा अप्रामाणिकपणा आहे काय? ह्या प्रश्नावर आमचे मत बराच काळ डळमळत होते. लहानशा पांढऱ्या पेट्या आम्ही स्वतः मातीत उतरवल्या आहेत, आणि त्या घरांतील उरलेल्या भावंडांपुढे मृत्यूचा उच्चारही न करणाऱ्या मोठ्यांचा आम्हांला राग येतो. मुलांना सारे कळत असते. तथापि वाइल्डरबाईंनी भीतीला मज्जाव केलेला नाही. अस्वल आहे, लांडग्यांचा आवाज आहे, भुकेचा हिशेब आहे. शेवटच्या प्रकरणात बाबा हरणाच्या पाळतीवर बसतात आणि चांदण्यात आलेली हरिणी व पाडस पाहून त्यांना बंदूक उचलवत नाही. घरी ताजे मांस येत नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. हिवाळा दारात असताना रिकाम्या हाताने आलेला बाप, आणि तरीही ते घर. दुःखाची नावे गाळली असली तरी त्याचा गारवा भिंतींच्या फटींतून येतोच. आमच्या मते हे पुस्तक त्यामुळे तरते.

त्याच प्रकरणाचा शेवट आम्ही त्या मातेला पुस्तक परत करताना उघडून दाखवला. रात्र झाली आहे. बाबा व्हायोलिन वाजवून थांबले आहेत, आई डुलत्या खुर्चीत विणते आहे, चूल पेटलेली आहे. लॉरा अंथरुणातून हे पाहते आणि मनात म्हणते की हे आत्ता आहे, हे कधीच फार जुने होणार नाही. पानावर एवढेच आहे. हे छापले गेले तेव्हा लेखिका पासष्ट वर्षांची होती. बाबा १९०२ साली गेले होते, आई १९२४ साली, मेरी १९२८ साली. त्या खोलीतल्या पाच जणांपैकी ती स्वतः आणि तेव्हाची तान्ही कॅरी, एवढ्या दोघीच उरल्या होत्या.

ती माता बराच वेळ ते पान पाहत राहिली. मग म्हणाली, "फादर, हे पान मी अजून मुलांना सांगितलेलं नाही. आज रात्री सांगते."